स्वभाव मनमिळाऊ... बस्स, एवढंच?

रिटायर्ड, सगळ्यांचा लाडका, संसारी माणूस जातो तेव्हा पेपरात चार ओळी येतात. त्या चार ओळींत तो माणूस सापडतो का? रामदासपेठेपासून कवी अनिलांपर्यंत जरा शोधून बघू या!

रविवारचा पेपर. आपण पुरवणी उघडतो, राशिभविष्य वाचतो, सेलच्या जाहिराती बघतो आणि एक पान न बघताच उलटतो. त्या पानावर पासपोर्ट साइज फोटो असतात. कपाळावर टिळा, अंगात सफारी, चष्म्याची जाड फ्रेम. खाली 'प्रथम पुण्यस्मरण'. त्याखाली ठरलेला मजकूर : 'अत्यंत मनमिळाऊ, प्रेमळ, धार्मिक व परोपकारी वृत्तीचे'. मग शोकाकुल मंडळींची लांबलचक यादी. पत्नी, मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं आणि समस्त परिवार.

आता एक प्रयोग करा. दोन जाहिरातींमधले फोटो मनातल्या मनात अदलाबदल करून बघा. काही फरक पडतो? नाही ना? तोच प्रॉब्लेम आहे. चाळीस वर्षं नोकरी केलेला, तीन पोरांची शिक्षणं काढलेला, दर महिन्याच्या वीस तारखेनंतर पाकीट जपून उघडणारा एक अख्खा माणूस 'मनमिळाऊ' या एका शब्दात गुंडाळला जातो. आपण अप्रेझल फॉर्ममध्ये स्वतःबद्दल दोन पानं भरतो आणि बाबांबद्दल लिहायची वेळ आली की टाइपसेटरला सांगतो, 'ते नेहमीचं मॅटर टाका भाऊ.'

हे लिहिण्याचं कारण सोपं आहे. ज्यांच्या आठवणी लिहायच्या आहेत त्यांच्यापैकी बरेच जण आज हयात आहेत. पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसले आहेत. म्हणजे अजून वेळ आहे.

पेन्शनरांची पेठ

रामदासपेठ म्हटलं की आज डोळ्यांसमोर काय येतं? हॉस्पिटल्स, पॅथॉलॉजी लॅब्ज, सेंट्रल बाजार रोडवरची हॉटेलं, लोकमत चौकातला सिग्नल आणि पार्किंगसाठीची मारामारी. पण आतल्या गल्ल्यांत शिरा. एखादं जुनं बैठं घर अजूनही दिसतं. फाटकावर पाटी, पाटीवर नाव, नावापुढे डिग्री आणि कंसात 'सेवानिवृत्त'. हा शब्द पाटीवर मिरवण्याइतका मोठा होता बरं का! सकाळी लेंड्रा पार्कात किंवा दगडी पार्कात चक्कर मारा. कानटोपी, स्वेटर आणि पांढरे कॅनव्हास शूज घातलेली मंडळी तीन-चारच्या ग्रुपने फिरताना दिसतील. विषय ठरलेले : महागाई भत्ता, गुडघे, वेगळा विदर्भ आणि अमेरिकेतला मुलगा.

नागपुरात या पेन्शनर जमातीची एवढी मोठी वस्ती का, याला इतिहास आहे. हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. सेक्रेटरिएट इथे, हायकोर्ट इथे, म्हणजे साहेब इथे आणि कारकूनही इथेच. स्वातंत्र्यानंतर प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं तरी राजधानी नागपूरच राहिली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९५३ च्या नागपूर कराराचं देणं म्हणून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तेवढं नागपूरच्या वाट्याला आलं.

शाळेच्या पुस्तकात हा पॅराग्राफ वाचून आपण जांभई दिली असेल. पण जरा एखाद्या माणसाच्या अंगाने बघा. १९५० च्या सुमारास नागपुरात सरकारी नोकरीला लागलेल्या बाबूने दहा वर्षांत तीन राज्यांची चाकरी केली. आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र! कोणी भोपाळला गेलं, कोणी मुंबईला गेलं, कोणाच्या घरी 'बायको-पोरं इथेच राहू द्या, मी एकटाच जातो' असं ठरलं. आपल्याला बंगळुरू की पुणे यावर महिनाभर डिस्कशन लागतं. त्यांच्या हातात एक कागद पडायचा आणि होल्डॉल बांधावा लागायचा. बदलीच्या त्या कागदावर घरात काय बोलणं झालं, कोण रडलं, कोण गप्प बसलं, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते फक्त त्या माणसाला ठाऊक आणि त्याच्या बायकोला. ही पिढी आता जवळजवळ संपली आहे. बऱ्याच घरांत हे विचारायचं राहून गेलं.

सत्तरीतला माणूस आणि प्रेमपत्रं

एका नागपूरकराने मात्र आपला संसार असा विरून जाऊ दिला नाही. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल. जन्म ११ सप्टेंबर १९०१, मूर्तिजापूरचा. शिक्षण पुण्यात, मग वकिली, मग सरकारी नोकरी. न्यायखात्यात काम केलं, समाजशिक्षण खात्यात काम केलं. मराठी कवितेत मुक्तछंद रुजवणारे आणि दहा ओळींची 'दशपदी' घडवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण आज आपल्याला त्यांच्यातला कवी नकोय, नवरा हवाय.

पुण्यात कॉलेजात असताना त्यांची ओळख झाली कुसुम जयवंत या अमरावतीच्या मुलीशी. काळ बघा, १९२० चं दशक. फोन नाही, भेटायला कॅफे नाही, घरच्यांची नाराजी होती ती वेगळीच. होती ती फक्त पत्रं. त्यांनी एकमेकांना वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. कुसुमताई पुढे शिकायला लंडनला गेल्या, डिग्री घेऊन परत आल्या आणि १९२९ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्या कुसुमावती देशपांडे झाल्या. नागपुरात त्यांनी कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, कथा लिहिल्या, समीक्षा लिहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर 'वर्किंग कपल'! दोघांचंही करिअर आणि दोघांचंही नाव. १९५८ च्या मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते आणि १९६१ च्या ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती. अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ ला, कुसुमावती गेल्या.

अनिल मागे राहिले, वीस वर्षांहून जास्त. या वीस वर्षांतली एक गोष्ट मला भारी वाटते. १९७२ मध्ये 'कुसुमानिल' नावाचं पुस्तक आलं. त्यात काय होतं? त्या दोघांची लग्नाआधीची पत्रं! विचार करा. सत्तरी ओलांडलेला, पत्नी गेलेला, सरकारी नोकरीतून मोकळा झालेला एक प्रतिष्ठित गृहस्थ आपली विशीतली प्रेमपत्रं छापून लोकांसमोर ठेवतो. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाने हरिपाठाचं पुस्तक छापून वाटावं अशी अपेक्षा असते. त्या काळात भुवया किती उंचावल्या असतील! पण त्यामुळेच तो संसार आज आपल्याला वाचता येतो. 'आदर्श दांपत्य' असं दगडी लेबल न लागता अडखळणारी, वाट पाहणारी, एकमेकांशी वाद घालणारी दोन तरुण माणसं त्यातून समोर येतात.

पुढे १९७६ मध्ये 'दशपदी' हा संग्रह आला आणि १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे आपण ज्याला 'उतारवय' म्हणून मोकळे होतो, त्या वयात या माणसाचं काम जोरात चालू होतं. ८ मे १९८२ ला नागपुरात अनिल गेले.

फॉरवर्डेड मेनी टाइम्स

आता गोष्टीचा दुसरा भाग. आठवण जपली नाही तर तिचं काय होतं, त्याचंही उदाहरण याच घरचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड अनेक वर्षं फिरतोय. तुम्हालाही आला असेल. कवी अनिल घरी येतात, बघतात तर कुसुमावती गेलेल्या, आणि त्या रुसल्या आहेत असं समजून ते तिथेच कविता लिहितात. तीच कविता, जी कुमार गंधर्वांनी गाऊन घराघरात पोहोचवली. खाली चार रडके इमोजी आणि 'वाचून डोळ्यात पाणी आलं नाही तर सांगा'.

पाणी येतंच. फक्त गोष्ट खरी नाही. ती कविता कुसुमावती हयात असतानाची आहे. ती खराखुरा रुसवा काढण्याची कविता आहे. जिवंत नवरा-बायकोमधल्या रुसव्याची. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकघरातून भांड्यांचा जरा जास्तच आवाज येतो ना, त्या रुसव्याची! आणि विचाराल तर मला ही खरी गोष्ट जास्त सुंदर वाटते. मेलेल्या माणसासाठी रडणं सोपं आहे. पण जिवंत माणूस गाल फुगवून बसलेला असताना त्याला मनवणं हे खरं संसाराचं काम. फॉरवर्डने त्या कवितेतून संसारच काढून टाकला आणि फक्त मरण ठेवलं.

आपल्या घरातही हेच होतं. माणूस जातो आणि तेराव्यापर्यंत त्याचा संत होतो. चिडणारे बाबा, कॅरममध्ये हरले की सोंगट्या उधळणारे बाबा, आईला न सांगता भावाला पैसे दिल्यामुळे चार दिवस अबोला झेललेले बाबा, हे सगळे गायब. उरतो तो हार घातलेला फोटो आणि 'मनमिळाऊ' हा शब्द. ज्याच्यात काहीच दोष नव्हता अशा माणसाची आठवण येणार तरी कशी? आपल्याला आठवण येते ती त्याच्या खोडीची.

आणि हो, आईलाही विचारा. 'फॅमिली मॅन' ही पदवी एकट्याने मिळत नाही. साहेब पाहुण्यांना हक्काने जेवायला घेऊन यायचे, पण पोळ्या कोण लाटायचं? बाबांची बदली झाली की शाळेचे दाखले कोण सांभाळायचं? बाबांच्या आयुष्यातली अर्धी माहिती आईकडे असते आणि बहुतेक वेळा ती जास्त अचूक असते.

आवाज राहतो, नाहीतर जातो

आणखी एका नागपूरकराची गोष्ट. प्राचार्य राम शेवाळकर. जन्म २ मार्च १९३१, अचलपूरचा. वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. १९९४ च्या पणजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ३ मे २००९ ला नागपुरात त्यांचं निधन झालं. त्यांनी बरंच लिहिलं, पण आमच्या आई-वडिलांच्या पिढीला त्यांचं नाव काढलं की आधी आठवतो तो आवाज. रामायण, महाभारत, ज्ञानेश्वर या विषयांवर ते बोलायला उभे राहिले की मैदान भरायचं आणि चिठ्ठी-कागद न घेता ओघ चालू व्हायचा. त्यांचा हा आवाज रेकॉर्ड झाला, कॅसेटमधून घरोघरी गेला, म्हणून आजही ऐकता येतो.

आपल्या बाबांचं व्याख्यान ऐकायला मैदान भरणार नाही, मान्य. पण त्यांची 'अरे, गाडी हळू चालव' म्हणण्याची पद्धत, 'काय करून राहिला बे?' मधला तो हेल, फोन ठेवताना दोनदा 'ठीक, ठीक' म्हणणं, हे तुमच्याकडे कुठे आहे? माणूस गेल्यावर चेहरा फोटोत राहतो. सगळ्यात आधी पुसट होतो तो आवाज. आपल्या खिशातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे आणि आपण त्यावर मीटिंगा रेकॉर्ड करतो!

आणखी एक गंमत सांगते. अनिलांची पत्रं कागदावर होती, म्हणून पन्नास वर्षांनी छापता आली. आपला सगळा संसार चॅटमध्ये आहे. फोन बदलला, बॅकअप घेतला नाही की गेला. आपल्या नातवंडांना 'कुसुमानिल' सापडायचं कसं? त्यांना फार तर 'ओके', 'हम्म' आणि अंगठा सापडेल.

सोहळे आहेत, गोष्टी कुठे?

तसे आपल्याकडे प्रसंग कमी नाहीत. रिटायरमेंटच्या दिवशी शाल-श्रीफळ आणि घड्याळ. मग साठीशांत, पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव आणि सहस्रचंद्रदर्शन. या शेवटच्याचं गणित फार गोड आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. अशा हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने. म्हणून एक्याऐंशीच्या आसपास हा सोहळा करतात. माणसाचं आयुष्य चंद्रावर मोजायची ही आयडिया ज्याला सुचली तो रोमँटिकच असणार.

पण या सोहळ्यात होतं काय? हॉल, केटरर, डीजे नको म्हणून भावगीतांचा ऑर्केस्ट्रा आणि उत्सवमूर्तीला सोडून सगळ्यांची भाषणं. ज्याच्यासाठी जमलो तो बिचारा खुर्चीत हार सांभाळत बसलेला. त्याच्या हातात माइक गेलाच तर 'दोन शब्द, बाबा, जेवणं थांबलीत' अशी घाई. एवढा खर्च करतोच आहोत तर अर्धा तास त्यालाच बोलू द्या की!

या रविवारी काय कराल?

फार काही नाही. मॉलमध्ये जाता तेवढाच वेळ लागेल. चहा ठेवा, शक्य असेल तर तर्री-पोहे आणा आणि बाबांच्या समोर बसा. 'बाबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' असं म्हणू नका. ते 'काय सांगायचं त्यात' म्हणतील आणि पेपर उघडतील. छोटे, नेमके प्रश्न विचारा.

● 'बाबा, तुमचा पहिला पगार किती होता? पहिल्या महिन्यात त्यातून काय घेतलं?' पैशाचा आकडा कोणीही विसरत नाही.

● जुनी सर्व्हिस बुकची कॉपी, बदलीच्या ऑर्डरी, पासबुकं, रेशनकार्ड बाहेर काढा. प्रत्येक कागदामागे एक गाव असतं आणि प्रत्येक गावात एक घरमालक!

● जुन्या फोटोंमागे पेन्सिलने नावं आणि साल लिहून घ्या. ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेतला तिसरा माणूस कोण, हे सांगणारी व्यक्ती गेली की तो माणूसही दुसऱ्यांदा जातो.

● 'तुम्हाला काय व्हायचं होतं?' हा प्रश्न शेवटी ठेवा. उत्तर ऐकून गप्प बसायची तयारी ठेवा.

● बाबा चिडले, विषय टाळला, तर सोडून द्या. ही चौकशी समिती नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसा.

● रेकॉर्डिंग करताना त्यांना सांगून करा. आणि ती फाइल निदान दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक बहिणीकडे किंवा भावाकडे.

चौकट : आठवणींसोबत हे कागदही

भावना बाजूला, पण हेही त्याच बैठकीत उरकून टाका. बाबा गेल्यावर आईची धावपळ होते ती याच कागदांसाठी.

● पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, कुठे ठेवली आहे? तिच्यावर फॅमिली पेन्शनसाठी आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का? आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि पीपीओवर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

● दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय २०१४ मध्ये सुरू झाली. बाबांना बँकेच्या रांगेत उभं करण्याआधी घरबसल्या जमतं का ते बघा.

● प्रत्येक खात्याला, एफडीला, लॉकरला नॉमिनी आहे का? लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, ते कोणाचे हे वारसाहक्क आणि मृत्युपत्र ठरवतं. म्हणून मृत्युपत्राचा विषयही निघू द्या. अशुभ वगैरे काही होत नाही.

● बँकेची कामं फक्त बाबांना आणि फक्त तुम्हाला कळतात का? मग आईला शेजारी बसवा.

आणि मग ती जाहिरात

जाहिरात देणं वाईट नाही. ज्यांना फोन करायचा राहिला, त्यांना ती वाचून कळतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा एखादा जुना सहकारी काठी टेकत तेराव्याला येतो आणि 'तुझ्या बाबांनी मला पहिली सायकल घेऊन दिली' असं सांगून जातो. घरातल्या कोणालाच ते माहीत नसतं! या एका वाक्यासाठी त्या जाहिरातीचे पैसे वसूल.

फक्त मजकूर बदला. शब्द तेवढेच लागतील. 'मनमिळाऊ व परोपकारी' च्या जागी लिहून बघा : 'तेहतीस वर्षं नोकरी केली, एकदाही उशिरा पोहोचले नाहीत. स्कूटरवर चौघांना बसवून फुटाळ्याला न्यायचे. पाहुणा आला की आधी संत्री सोलून द्यायचे. शेजाऱ्यांचा पेपर आधी वाचायचे आणि घडी घालून परत ठेवायचे. गणित शिकवताना चिडायचे, निकालाच्या दिवशी पेढे मात्र तेच आणायचे.' आता या जाहिरातीवर दुसऱ्या कोणाचा फोटो लावून दाखवा!

असा मजकूर ऐन वेळी, डोळे सुजलेले असताना सुचत नाही. तो आधी गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी माणूस समोर असावा लागतो. त्यामुळे मिहानला निघण्याआधी किंवा पुण्याहून वीकेंडला घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारून टाका. पहिला पगार किती होता? बघा, टीव्हीचा आवाज आपोआप कमी होईल.